एकच प्रोजेस्टेरॉन, तीन वाटा

आयव्हीएफचा विषय निघाला की लोक विचारतात एग्ज किती निघाली, एम्ब्रियो (भ्रूण) कुठल्या ग्रेडचा होता, एकूण खर्च किती आला. प्रोजेस्टेरॉनबद्दल, म्हणजे गर्भ रुजावा आणि टिकावा म्हणून देतात त्या हार्मोनबद्दल, कोणी अवाक्षर काढत नाही. माझ्या अनुभवाने तरी सगळ्यात जास्त त्रास आणि सगळ्यात कमी माहिती ह्याच औषधाची असते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. हे हार्मोन मी तोंडाने घेतलंय, खालून (योनीमार्गातून) ठेवलंय आणि कंबरेत टोचूनही घेतलंय. औषध तेच, रेणू तोच, आणि तरी तिन्ही वेळा शरीराने त्याला तीन वेगळी औषधं असल्यासारखं वागवलं. पाकिटावर २०० लिहिलंय की ५० हे बघून आपण डोस "स्ट्राँग" नाहीतर "हलका" ठरवून टाकतो, पण औषध कुठल्या वाटेने आत जातंय ते कळल्याशिवाय त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो, माझं ऑफिस वागळे इस्टेटला, त्यामुळे रोजची ट्रान्स-हार्बर लोकल. प्रोजेस्टेरॉनशी पहिली ओळख झाली आययूआयच्या (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात त्या प्रोसिजरच्या) वेळी. तेव्हा ज्या डॉक्टरांकडे जात होते त्यांनी प्रोसिजरनंतर २०० मिलीग्रॅमच्या कॅप्सूल दिल्या, सकाळी एक रात्री एक, तोंडाने. गुंगी येऊ शकते वगैरे काही सांगितलं नव्हतं. मी भरपेट नाश्ता करून कॅप्सूल घेतली आणि नेहमीची गाडी पकडली. घणसोली गेलं, रबाळे गेलं, ऐरोली येईपर्यंत डोळ्यांवर अशी झापड आली की समोरच्या बाईच्या ओढणीवरची बुट्टी हलायला लागली. ठाण्याला उतरले तर जिना चढताना रेलिंग सोडवेना, पुलावर बाजूला उभी राहिले, मागून गर्दी चाललीच होती. ताप नाही, नंतर बीपी मोजलं तर तेही नॉर्मल. ऑफिसात एकच मेल परत परत वाचत होते आणि डोक्यात काही शिरत नव्हतं. रात्रीच्या कॅप्सूलने मात्र इतकी गाढ झोप लागायची की नवरा म्हणाला, अगं अलार्म किती वेळ वाजतोय.

फोन केल्यावर उत्तर मिळालं, "होतं काहींना." एवढंच.

खरं उत्तर मिळालं ते नंतर, नौपाड्यातल्या डॉक्टर मॅडमकडे जायला लागले तेव्हा. त्यांनी पेपरवर पोट, आतडं आणि लिव्हर असं काढून दाखवलं. तोंडाने घेतलेलं औषध आतड्यातून रक्तात जातं, पण ते रक्त आधी लिव्हरला जातं आणि मग बाकीच्या अंगाला, म्हणजे पूर्वी ठाण्यात शिरणारा ट्रक जसा आधी जकातनाक्यावर थांबायचा तसं. आणि प्रोजेस्टेरॉनची तिथे जबरदस्त कापाकापी होते. गिळलेल्यातलं १० टक्क्यांपेक्षाही कमी मूळ रूपात पुढे जातं. बाकीचं वाया जातं असंही नाही, लिव्हर त्यापासून दुसरे पदार्थ बनवते, त्यातला एक आहे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन. हा मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर काम करतो, झोपेच्या आणि भूल द्यायच्या कितीतरी औषधांचं काम ज्या रिसेप्टरवर चालतं तिथेच. ह्याच पदार्थाचं सलाइनमधून द्यायचं औषध अमेरिकेत २०१९ मध्ये बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी मंजूर झालं होतं! म्हणजे माझ्यासाठी औषध निघालं होतं गर्भाशयाकडे आणि त्यातला बराच भाग पोचत होता डोक्यात. आणि जेवणासोबत घेतलं की ते आतड्यातून जास्त शोषलं जातं, म्हणजे माझ्या भरपेट नाश्त्याने गुंगी वाढलीच असणार. हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी सकाळच्या कॅप्सूलची वेळ विचारून घेतली असती, गाडीत दारापाशी उभी राहिले नसते. कोणी दोन मिनिटं खर्च करून सांगितलं नाही ह्याचा मला आजही राग येतो.

मग मी वाचत सुटले. प्रोजेस्टेरॉन शुद्ध स्वरूपात पहिल्यांदा वेगळं काढलं १९३४ मध्ये, जर्मनीतल्या बुटेनांटने ५०,००० डुकरिणींच्या अंडाशयांतून जेमतेम २० मिलीग्रॅम मिळवलं होतं. आता आपण एका घोटाबरोबर २०० मिलीग्रॅम गिळतो. पण मिळालं तरी पंचाईत अशी की ते तोंडाने घेतलं तर फारसा उपयोग नाही, टोचायलाच हवं. त्यामुळे केमिस्ट मंडळी लिव्हरला चकवणारे रेणू शोधायच्या मागे लागली. १९३८ मध्ये बर्लिनला शेरिंग कंपनीत इनहॉफेन आणि होलवेग ह्यांनी इस्ट्रॅडिओल ह्या दुसऱ्या स्त्री-हार्मोनला (इस्ट्रोजेनचा एक प्रकार) १७ नंबरच्या कार्बनवर एथिनिल नावाचा छोटासा गट जोडला, झालं, लिव्हरला ते सहजासहजी मोडता येईना. तेच एथिनिल इस्ट्रॅडिओल आजही गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये असतं आणि २०-३० मायक्रोग्रॅममध्ये काम करतं. १९५१ मध्ये मेक्सिको सिटीत सिंटेक्स कंपनीत जेरासी आणि त्यांच्याकडच्या मिरामोंतेस ह्या तरुणाने तशाच युक्तीने नॉरएथिस्टेरॉन बनवलं.

आता हे नाव कोणाला माहीत नसेल पण प्रायमोल्युट म्हटलं की घराघरात माहीत आहे. गणपती, सत्यनारायण, बहिणीचं लग्न, पाळी पुढे ढकलायची ती गोळी. (ती सरसकट घेण्याबद्दल माझं मत चांगलं नाही, पण तो विषय वेगळा.) ती फक्त ५ मिलीग्रॅमची असते. काम बरंचसं प्रोजेस्टेरॉनसारखंच करते, पण तोंडाने घेऊनही टिकते म्हणून ५ पुरतात. आणि नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडाने देता यायला १९८० उजाडलं, तेव्हा फ्रान्समध्ये त्याची अतिशय बारीक पूड करून तेलात मिसळून कॅप्सूल आली. मायक्रोनाइज्ड असं पाकिटावर लिहिलेलं असतं ते हेच. तरीही २०० घ्यावे लागतातच.

आययूआय काही लागू पडलं नाही, मग आयव्हीएफ, एम्ब्रियो फ्रीज केले आणि फ्रोझन ट्रान्सफरची, म्हणजे फ्रीज केलेला एम्ब्रियो गर्भाशयात सोडण्याची, तयारी सुरू झाली. ह्यात आधी इस्ट्रोजेन देऊन गर्भाशयाचं अस्तर जाड करतात. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इस्ट्रॅडिओल व्हॅलरेटच्या २ मिलीग्रॅमच्या गोळ्या, दिवसातून तीन. सोनोग्राफीत अस्तर किमान ७ मिलीमीटर तरी लागतं म्हणाल्या, माझं सहाच्या पुढे सरकेना. मला वाटलं आता डोस वाढवणार. तर मॅडम म्हणाल्या, "डोस तोच ठेवू, वाट बदलू." त्यातली एक गोळी खालून ठेवायला सांगितली. गिळायचीच गोळी, तीच!

हे ऐकून मला विचित्र वाटलं होतं, पण कारण पुन्हा तेच. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रॅडिओलचं आतड्यात आणि लिव्हरमध्ये बहुतेक इस्ट्रोन होऊन जातं, जे बरंच कमजोर असतं, आणि मूळ इस्ट्रॅडिओल ५ टक्क्यांच्या आसपास उरतं. खालून तेवढाच डोस दिला तर रक्तातलं इस्ट्रॅडिओल कैक पटींनी जास्त येतं. डोंबिवलीच्या माझ्या मावशीला पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी पॅच द्यायचा विचार चालला होता, त्यावर दिवसाला ५० मायक्रोग्रॅम असं लिहिलेलं बघून ती म्हणाली, हे एवढंसं काय करणार? पण ते साधारण १ ते २ मिलीग्रॅमच्या गोळीइतकं काम करतं, म्हणजे आकड्यात वीस ते चाळीस पट फरक. शिवाय कातडीतून गेलेलं इस्ट्रोजेन आधी लिव्हरला धडकत नाही, त्यामुळे तोंडाच्या गोळीने लिव्हरमध्ये रक्त गोठवणारे घटक वाढतात तसे ते पॅचने किंवा जेलने वाढत नाहीत. वाटेने नुसती ताकद बदलत नाही, धोकाही बदलतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. असो. माझं अस्तर पुढच्या सोनोग्राफीला आठच्या जवळ आलं, अस्तर नीट तयार झाल्याची खूण असलेल्या तीन रेषा स्पष्ट दिसत होत्या, मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवल्या.

मग प्रोजेस्टेरॉन सुरू. प्रिस्क्रिप्शनवर कॅप्सूलच्या पुढे पीव्ही लिहिलेलं होतं, म्हणजे योनीमार्गातून. स्टेशनजवळच्या मेडिकलवाल्याने पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, "ताई, सकाळ-रात्र जेवणानंतर, पाण्याबरोबर." मी प्रिस्क्रिप्शन दाखवलं तर म्हणाला, कॅप्सूलच आहे ना, दोन्हीकडून चालते. पाकिटावरही खरंच दोन्ही लिहिलेलं असतं, तोंडाने किंवा खालून. चालतं हे खरं, पण चालण्याचा परिणाम सारखा नाही ना! माझा आधीचा अनुभव नसता तर मी गिळतच राहिले असते आणि गुंगीत ट्रान्सफरचा दिवस उजाडला असता. ज्या कोणी हे वाचत असतील त्यांनी प्लीज पाकीट बघू नका, डॉक्टरांनी कुठली वाट लिहिलीये तेच बघा, आणि समजलं नाही तर फोन करून विचारा, लाजू नका. आणि मनाने वाट बदलू तर अजिबात नका, कारण डोस त्या वाटेच्या हिशोबाने ठरवलेला असतो.

ती कॅप्सूल म्हणजे मऊ, गुळगुळीत, दाबली तर आत पांढरट तेल हलताना दिसतं. हात स्वच्छ धुवायचे, आडवं व्हायचं, बोटाने जमेल तेवढी आत सरकवायची आणि अर्धा तास पडून राहायचं. बाहेरचं जिलेटिन विरघळतं आणि नंतर तेल बाहेर येत राहतं, दिवसभर लायनर लावावं लागतं. औषध सगळं बाहेर आलं की काय ह्या काळजीने मी हैराण झाले होते, मॅडम म्हणाल्या बाहेर येतं ते बरंचसं तेल आणि जिलेटिन, औषध आत शोषलं जातं. आणि गुंगी? नाही. तेच २००, सकाळी तेच घणसोली, रबाळे, ऐरोली, आणि मी खिडकीपाशी टक्क जागी.

पण मग ब्लडचा रिपोर्ट आला आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. प्रोजेस्टेरॉन ८ च्याही खाली. मॅडमना ट्रान्सफरच्या सुमारास १० नॅनोग्रॅमच्या आसपास हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, बघ, मी सांगत होते ना, खालून ठेवून कुठे काही लागू पडतं का, सुईच घ्यायला हवी होती. त्यांचा जीव तुटत होता म्हणून बोलल्या, मला माहितीये.

मॅडमनी जे समजावलं ते मला ह्या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात भारी वाटतं. १९९४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, काही बायकांना प्रोजेस्टेरॉन स्नायूत इंजेक्शनने आणि काहींना योनीमार्गातून दिलं. रक्तात बघितलं तर इंजेक्शनवाल्यांचं प्रमाण कितीतरी जास्त. पण अस्तराचा तुकडा घेऊन त्यात मोजलं तर उलटं, खालून घेतलेल्यांच्या अस्तरात कितीतरी जास्त! औषध रक्तात सगळीकडे फिरून मग गर्भाशयात येत नव्हतं, जवळच्या जवळ थेट तिथेच जात होतं. मग १९९७ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून काढलेली गर्भाशयं नळ्यांतून द्रव फिरवत जिवंत ठेवली आणि खाली लागून राहिलेल्या योनीच्या कडेला किरणोत्सर्गी खूण असलेलं प्रोजेस्टेरॉन लावलं. काही तासांत ते गर्भाशयाच्या मुखापासून वरच्या टोकापर्यंत चढलेलं दिसलं. शरीर नाही, लिव्हर नाही, फक्त गर्भाशय, आणि तरी औषध वर गेलं. डॉक्टर ह्याला फर्स्ट युटेराइन पास म्हणतात. मी हे वाचून रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं होतं.

म्हणजे माझा ८ हा रक्तातला आकडा होता, गर्भाशयातला नाही. आणि रक्ताच्या आकड्याचीही गंमत आहे, कॅप्सूल तोंडाने घेतली असती तर कदाचित रिपोर्ट चांगला दिसला असता, कारण लॅबची नेहमीची पद्धत लिव्हरने बनवलेल्या मिळत्याजुळत्या पदार्थांनाही प्रोजेस्टेरॉन समजून मोजते. अचूक यंत्राने मोजलं तर तोंडाने घेतल्यावर खरं प्रोजेस्टेरॉन फारच कमी निघतं.

मी विचारलं, मग रक्तातला आकडा सोडून द्यायचा का? तर नाही. माझी सायकल पूर्ण औषधांवर होती, ओव्ह्युलेशन झालेलंच नव्हतं, त्यामुळे एरवी अंडाशयातून स्वतःचं जे प्रोजेस्टेरॉन रक्तात येतं ते शून्य. अशा वेळी नुसतं खालून पुरत नाही असं दिसलंय. अमेरिकेतली एक मोठी ट्रायल २०२१ मध्ये छापून आली, हजाराच्या वर फ्रोझन ट्रान्सफर, तीन गट. फक्त योनीमार्गातून घेतलेल्यांत २७ टक्क्यांना बाळ झालं, रोज इंजेक्शन घेतलेल्यांत ४४, आणि खालून रोज अधिक दर तिसऱ्या दिवशी एक इंजेक्शन अशांत ४६. म्हणजे गर्भाशयात भरपूर पोचूनसुद्धा रक्तातलंही काही लागतंच. हे वाचून मला आधी धक्का बसला, कारण मी "खालून म्हणजेच बेस्ट" असं मनात पक्कं करून टाकलं होतं, पण मॅडमनी तो तिसरा मार्गच निवडला आणि मला तो पटला. सासूबाईंनाही पटला, सुई आली म्हणून.

इंजेक्शनबद्दल काय सांगू. तेलातलं असतं, पिवळसर, दाट. आमच्या सेक्टरमधल्या एका दवाखान्यात सिस्टर होत्या, त्यांचा हात इतका चांगला की मी ट्रान्सफरच्या दिवशीही परत येऊन त्यांच्याकडेच गेले. त्या अँप्युल आधी दोन्ही तळव्यांत धरून कोमट करायच्या, जाड सुईने तेल ओढायच्या, मग सुई बदलायच्या. "ताई, वजन दुसऱ्या पायावर टाका, हा पाय सैल सोडा." मग वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात टोचायचं आणि दाट तेल हळूहळू ढकलत राहायचं. टोचताना फार दुखत नाही, नंतर दुखतं. तेल स्नायूत साठून राहतं आणि थोडं थोडं रक्तात सुटत जातं, म्हणून तर ५० मिलीग्रॅमचं एक इंजेक्शन टिकतं आणि रक्तातला आकडा वर येतो. लिव्हर सुरुवातीलाच मध्ये येत नाही. पण त्या साठण्याच्या गाठी होतात, कडक, हाताला लागतात, ट्रेनच्या सीटवर एका बाजूला झुकून बसावं लागायचं. रात्री गरम पाण्याची पिशवी, आलटून पालटून बाजू. पुढचा रिपोर्ट १० च्या बराच वर आला.

क्लिनिकच्या वेटिंगमध्ये कळव्याची एक मुलगी भेटायची. तिची फ्रेश सायकल होती (एम्ब्रियो फ्रीज न करता लगेच ट्रान्सफर) आणि तिला ड्युफास्टन दिली होती, १० ची दिवसातून तीन वेळा. माझी फाइल बघून तिचा चेहराच पडला, "ताई, तुम्हाला दिवसाला ४०० आणि वर इंजेक्शन, मला फक्त ३०? मला कमी देतायत का?" मी तिला सांगितलं, अगं ड्युफास्टन म्हणजे डायड्रोजेस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉनच्या रेणूचीच ठेवण थोडी बदललेली आहे, ते तोंडाने घेऊनही टिकतं. फ्रेश सायकलमध्ये हे तोंडाने ३० आणि योनीमार्गातून ६०० मिलीग्रॅम प्रोजेस्टेरॉन असं समोरासमोर तपासलंय, २०१७ मध्ये रिझल्ट आले, आणि ३० वाल्या बायका कुठे मागे पडल्या नाहीत. वर तिला हेही सांगितलं की उद्या उत्साहाने ब्लड टेस्ट करून घेऊ नकोस, हे औषध त्या टेस्टमध्ये दिसतच नाही, उगाच घाबरशील. तिने लगेच आत जाऊन मॅडमना सगळं परत विचारून खात्री केली, आणि तेच बरोबर केलं तिने.

ट्रान्सफर झालं, बीटा (प्रेग्नन्सीची ब्लड टेस्ट) पॉझिटिव्ह आला, हार्टबीट दिसला. त्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी, आत्ता लिहायला गेले तर हे राहून जाईल.

सातव्या-आठव्या आठवड्यापासून प्लॅसेंटा (वार) स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवायला लागते आणि हळूहळू सगळा भार उचलते. नवव्या महिन्यात तर ती दिवसाला २५० मिलीग्रॅमच्या आसपास बनवते, तेही थेट रक्तात, ना आतडं मध्ये ना लिव्हर. कॅप्सूलच्या हिशोबात हे किती होईल ह्याचा अंदाज करायला गेले आणि सोडून दिलं. मॅडमनी दहाव्या आठवड्यात इंजेक्शनं थांबवली आणि बाराव्यानंतर कॅप्सूल. थांबवताना मला भीती वाटली होती, मी दोनदा विचारलं, त्यांनी दोन्ही वेळा नीट समजावलं. कंबरेतल्या गाठी मात्र त्यानंतरही बरेच दिवस हाताला लागत होत्या, गरम पाण्याची पिशवी काही लगेच कपाटात गेली नाही.